उभे राहा आणि बाई म्हणा

४ मार्च

कत्तलखाना सोमवारी उघडणार. सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, दुपारी मुकादमाने दुजोरा दिला, म्हणून बातमी पक्की समजून लिहितो. साथीने लावलेलं या वस्तीतलं शेवटचं कुलूप निघतंय.

पण सोबत नवा कायदा आलाय. साथ अशाच शेडमधून पसरली, असं वर कुणाचं तरी म्हणणं आहे. त्यामुळे जून संपायच्या आत प्रत्येक कामगाराने परीक्षा द्यायची. भिंतीवरचे स्वच्छतेचे नियम वाचून दाखवायचे, चार ओळी स्वतः लिहायच्या. नापास होईल त्याच्या हातात सुरी नाही. आजवर त्या शेडमध्ये वाचता येणारा माणूस एकच, मुकादम. तो वाचून दाखवेल तो नियम.

संध्याकाळी माणसं शाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली. सगळ्यात पुढे हातोडा. जनावराच्या कपाळावर घाव घालून त्याला पाडायचं हे त्याचं काम, त्यावरूनच हे नाव पडलं. साथीत त्याची बायको गेली. आता घरात तो आणि मुलगी.

"मास्तर, जनावर एका घावात पडतं," तो म्हणाला. "अक्षर किती घावात पडेल?"

सगळे हसले. मी म्हटलं, शिकवतो.

६ मार्च

शिकवतो म्हटलं खरं, पण एवढ्या माणसांना एकटा कसा पुरणार? उपाय सुचला आहे आणि तो चांगला आहे असं वाटतं.

शाळा बंद होती तेव्हा वस्तीतले मुलगे गोदामात हमालीला गेले. मुलींना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मग त्या घरात बसून फोनवर माझा आवाज ऐकत राहिल्या आणि शिकत राहिल्या. डांबून ठेवल्या म्हणून शिकल्या! आज वस्तीत धड वाचता येतं ते या मुलींना. तेव्हा बापांना, काकांना त्याच शिकवतील.

हातोड्याची मुलगी सगळ्यांत हुशार. सोळा वर्षांची, काडीसारखी, बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी.

अडचण एकच. पोरीचं बाप ऐकेल कसा? त्यासाठी नियम केला. नातं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. आत आल्यावर शिकवणारी मुलगी ती बाई. प्रश्न विचारायचा तर उभं राहून, आणि "बाई" म्हणून.

ताईला सांगितलं. ताई माझी थोरली बहीण, इस्पितळात परिचारिका. साथीत ती महिनोन्‌महिने वॉर्डातच राहिली, तेव्हापासून तिला कशाचं कौतुक वाटेनासं झालंय.

"पोरींना विचारलंस?" ती म्हणाली.

"त्या खूश होतील."

"विचारलंस का, ते विचारतेय मी."

१० मार्च

पहिला वर्ग. काय धमाल!

कातडी सोलणारा एक जण आहे, आम्ही त्याला कातडीवाला म्हणतो. अंगाने लुकडा आणि तोंडाने फाटका. तो उभा राहिला आणि पुतणीला म्हणाला, "बाई, पाणी प्यायला जाऊ का? घरी असतो तर तुलाच आणायला लावलं असतं." अख्खा वर्ग खिदळला. पुतणी लाजली, मग म्हणाली, "जा, आणि येताना माझ्यासाठीही आण." तो खरंच घेऊन आला!

हातोडा मात्र बसूनच राहिला. "ए, हे काय लिहिलंय?" असं टाचणीला म्हणाला. मी मागून ओरडलो, "उभे राहा आणि बाई म्हणा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग तो उभा राहिला. केवढा उंच माणूस. खाली मान घालून "बाई" म्हणाला.

टाचणी फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिचा खडू मोडला.

या वस्तीत आज काहीतरी जागचं हललं.

१३ मार्च

टाचणीचा ओठ सुजलाय. नळावर घसरले म्हणाली. तिथे शेवाळ आहे हे मलाही माहीत आहे. पालिकेला अर्ज केला पाहिजे.

जेवताना ताईला सांगितलं. तिने घास खाली ठेवला. "नळावर पडलं की गुडघा फुटतो, कोपर फुटतं. ओठ कसा फुटतो?"

"तोंडावर पडली असेल."

"तुझे डोळे आहेत की गोट्या?" ती म्हणाली. मग फोन वाजला आणि ती उठली.

२२ मार्च

आज शेड पाहायला गेलो. शिकवायचे शब्द प्रत्यक्ष कुठे लागतात ते कळावं म्हणून.

पाहिलं ते लिहितो. अरुंद वाटेतून जनावर पुढे येतं. पुढच्याचा वास आलेला असतो, त्यामुळे खूर घसरत असतात. हातोडा त्याच्या कपाळावर तळवा ठेवतो, जवळजवळ मायेने. तळवा काढतो तीच घावाची जागा. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज. आधी गुडघे जातात. मग पायात लोखंडी आकडा, साखळी, आणि अर्धवट जिवंत धूड उलटं वर जातं, पुढचा माणूस गळ्यावर सुरी ओढतो आणि रक्त बादली उपडी केल्यासारखं पडतं. फरशीवर घोट्याएवढं पाणी आणि रक्त. त्यात कामगार अनवाणी. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, की बुटांशिवाय धुण्याच्या भागात कुणालाही उभं करू नये.

"मी दुसरा घाव कधी घालत नाही," हातोडा मला म्हणाला. "जागा माहीत पाहिजे. जागा माहीत असली की आवाज होत नाही."

कामातलं असं कौशल्य पाहिलं की आदरच वाटतो.

९ एप्रिल

कातडीवाल्याचा कान फाटला.

घडलं ते असं. मुकादमाने त्याला धुण्याच्या भागात अनवाणी उभं राहायला सांगितलं. तो भिंतीपाशी गेला, बोट ठेवत ठेवत तो बुटांचा नियम वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. अडखळत, पण शेवटपर्यंत. मुकादम म्हणाला, "तुला कुणी वाचायला सांगितलं रे?" आणि हातातला आकडा फिरवला. कानाची पाळी आकड्यात राहिली.

मग जे झालं ते या शेडमध्ये कधीच झालेलं नव्हतं. सुऱ्या खाली ठेवल्या गेल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी मुकादमाला हात लावला नाही. एकामागून एक माणूस भिंतीपाशी गेला आणि तोच नियम वाचून परत येऊन उभा राहिला. साखळीला टांगलेली जनावरं तशीच ठिबकत होती. दुपारी बूट आले.

ताईने टाके घातले. कातडीवाला तिला म्हणतो, "ताई, आता ऐकायला कमी आलं तरी चालेल. वाचता येतं."

माझ्या पोटात आनंद मावत नाहीये. शाळा शाळा म्हणतात ती हीच. साथीने माणसं नेली, पण उरलेल्यांची मान वर करून गेली असं म्हणावंसं वाटतं. ताईला ऐकवलं, तर म्हणाली, "हे माझ्या वॉर्डात येऊन म्हणून दाखव."

२४ एप्रिल

हातोडा सगळ्यांच्या पुढे गेलाय. जोडाक्षरंसुद्धा वाचतो. गुपित विचारलं तर म्हणाला, "घरी उजळणी होते. रोज." मी भर वर्गात त्याचं उदाहरण दिलं. बापलेक घरी बसून अभ्यास करतात, बाकीच्यांनी शिकावं.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा अर्थ मला लावता आला नाही.

अभ्यास झाला तरी जीभ वळत नाही त्याची. आज पुन्हा "ए" म्हणाला. मी सोडलं नाही. "बाई म्हणा. मोठ्याने. अजून मोठ्याने." पोरं खिडकीत चढून बघत होती. मुकादमही रस्त्यावर उभा राहून हसत होता. हातोड्याने म्हटलं, जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा.

"मास्तर, पुरे ना," टाचणी म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या मानासाठीच चाललंय हे."

२८ एप्रिल

टाचणी दोन दिवस आली नव्हती. आज आली. या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. डाव्या हाताने लिहीत होती. उजवा चुलीवर भाजला म्हणे. अक्षर वेडंवाकडं येत होतं तरी तिने वर्ग सोडला नाही. जिद्द म्हणतात ती ही.

हातोडा आज न सांगता उभा राहिला. "बाई" म्हणाला. स्पष्ट, सावकाश, तिच्याकडे बघत. नियम रुजला.

१७ मे

टाचणी इस्पितळात आहे. दुपारी ताईने फोन करून सांगितलं, मग मी जाऊन पाहिलं. उजवा हात कोपराखाली मोडलाय. दोन बरगड्या. पाठीवर जुने वळ, त्यांवर नवे. ताई म्हणते, आधीही एक हाड मोडून आपोआप, वाकडं जुळलेलं दिसतं.

शेजारणीने आणून टाकलं. बोलायला लागल्यावर टाचणी ताईशी बोलली. ताईने संध्याकाळी ते मला सांगितलं. ती उभीच होती, अंगावरचा गणवेशही काढला नव्हता.

"तुझ्या वर्गात तो जितक्या वेळा बाई म्हणतो ना, तितके फटके तो घरी वसूल करतो. पट्ट्याने. आणि मोजायचं तिनेच. चुकली की पहिल्यापासून."

"पण चेहऱ्यावर तर काही दिसत नव्हतं," मी म्हटलं.

"चेहऱ्याला लावत नाही," ताई म्हणाली. "एकदाच ओठाला लागला, तेव्हा चुकला म्हणे. आता चुकत नाही. कुठे मारलं की दिसत नाही ते त्याला माहीत आहे. त्याचं कामच ते."

ही दैनंदिनी मागे उलटून वाचली. चोवीस एप्रिलचं पान दोनदा वाचलं.

१८ मे

वॉर्डात गेलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो.

"मी तो नियम काढून टाकतो," म्हटलं. "आजच."

टाचणी छताकडे बघत होती. "मग मी मार कशासाठी खाल्ला?"

"अगं, पण—"

"मास्तर, लावताना तुम्ही मला विचारलं नव्हतं. काढताना तरी विचारा."

शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. ताई सलाईन बदलत होती, पण कान इकडेच.

"बरं. विचारतो," मी म्हटलं. "काय करू?"

"नियम राहू दे. कातडीवाले काका पुतणीला घरीसुद्धा बाई म्हणतात आता. चेष्टेत म्हणतात, पण तिचं लग्न पुढे ढकललं त्यांनी. ते मोडू नका." तिला धाप लागली. "बाबांना वर्गातून काढा. आणि बाकीच्या मुलींना विचारा. एकेकीला. काकांसमोर नाही, बापासमोर नाही."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं. 'पुरे' म्हटलं होतं."

१९ मे

विचारलं. ताईला सोबत घेतलं, कारण मी एकटा विचारणार आणि त्या सांगणार, असं मला आता वाटत नाही. बहुतेक जणी म्हणाल्या, घरी ठीक आहे. दोघींनी बाह्या वर केल्या.

२० मे

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या खांद्याला पट्टा आहे. समोरचे दात गेले. ताईने लिहू नकोस म्हणून सांगितलंय.

हातोडा वर्गात आला. चपला न काढता. "माझी बाई कुठंय?" म्हणाला. काही जण हसलेसुद्धा, त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हाला इथे शिकवलं जाणार नाही. ती कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"परीक्षा तोंडावर आलीय, मास्तर."

"तुम्ही मुलीचा हात मोडलात," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

तो जवळ आला आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवला. तो तळवा मी पाहिलेला होता. मी हललो, म्हणून घाव तोंडावर बसला. हत्यार नव्हतं, नुसती मूठ, तरी दात घशाकडे गेले. दुसरा घाव खांद्यावर. या वेळी त्याने दुसरा घातला. मग त्याने फळा भिंतीवरून उपटला आणि बाकावर आपटून दोन तुकडे केले, आणि एक तुकडा घेऊन मुलींकडे वळला.

तिथे सगळे त्याच्यावर तुटून पडले. जनावर पाडणारी, सोलणारी, तोडणारी माणसं ती, त्यांना सगळं ठाऊक असतं. त्याला पालथा पाडला. एकाने मानेवर गुडघा दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कातडीवाल्याच्या हातात आकडा होता, वर्गात त्याने तो का आणला होता कोण जाणे. तो ओरडत होता, "मोज! मोज आता तू!" म्हणजे त्यालाही कळलं होतं.

मी बाकाखाली पडलो होतो. "थांबा" म्हणायला तोंड चालत होतं. रक्त होतं तरी चालत होतं. मी लगेच म्हटलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मीच वेगळं सांगेन.

कातडीवाल्याची पुतणी मधे पडली. काकाच्या मनगटाला तिने दातच लावले. "सोडा!" म्हणाली. "मी बाई आहे ना? मग सोडा म्हणतेय!" त्याने सोडलं. सगळ्यांनीच सोडलं. हातोडा जमिनीवर घोरल्यासारखा श्वास घेत होता.

पोलीस आले.

२ जून

हातोड्याचा डावा हात आणि जबडा मोडलाय. इस्पितळातून तो थेट कोठडीत गेला. ताईच्याच वॉर्डात होता. ताईने त्याची मलमपट्टी केली, वेळेवर औषधं दिली. "साथीत माझ्या हातून चांगली माणसं गेली," ती घरी येऊन म्हणाली, "आणि हा जगला." मग भांडी घासायला बसली आणि एकच पातेलं घासत राहिली.

टाचणी आमच्याकडे राहायला आली. माझी खोली तिला दिली.

६ जून

मुकादम भेटायला आला. हातात फळांची पिशवी.

"काय मास्तर, बोलता येतं का? नाही? बरंच आहे." बसला. "हे बघा, घरातलं भांडण घरात मिटावं. पोरीने तोंड उघडलं नाही तर तो चार दिवसांत बाहेर. उघडलं तर वस्तीतली प्रत्येक पोर उद्या बापाला कोर्टात उभी करेल. मग तुमच्या शाळेत कोण पाठवणार मुलींना?"

टाचणी आतून आली. तिने पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. "तुम्ही परीक्षेला बसताय का, मुकादम? वाचता येतं तुम्हाला, पण लिहायला सराव लागतो. हवं तर या वर्गाला. नियम ठाऊकच आहे."

तो गेल्यावर ती दाराला कडी लावून तिथेच खाली बसली.

२४ जून

निकाल लागला. परीक्षकांनी स्वतः शाळेत येऊन सांगितला. वर्गातले जवळजवळ सगळे पास. कातडीवाल्याने चार ओळींच्या जागी पानभर लिहिलं, अर्धं मुकादमाविषयी.

हातोड्याला परीक्षेसाठी कोठडीतून आणलं होतं, जबडा अजून जड, बेडी एका हातात. कायद्याने त्याला बसू द्यावं लागतं. तो पहिला आला.

ऐकलं तेव्हा क्षणभर मला अभिमान वाटला. माझा विद्यार्थी! त्या क्षणाचं काय करायचं ते मला कळत नाही.

टाचणीला सांगितलं. ती म्हणाली, "येणारच. मी शिकवलंय."

२९ जून

उद्या सकाळी टाचणी जबाब देणार. ठाणेदाराने निरोप पाठवला होता, की पोरीने सांगावं, आम्ही लिहून घेऊ. तिने उलट निरोप धाडला, मी लिहून आणते. दोन दिवस लिहीत होती. हाताचं प्लास्टर निघालंय, पण मुठीत पेन नीट बसत नाही. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली, पण विचारलं म्हणून हसली.

सोबत ताई जाणार. मला दोघींनीही बाहेर बसायला सांगितलंय. त्या दोन मुली, बाह्या वर करणाऱ्या, त्याही निघणार आहेत. एकीच्या बापाने तंगडं तोडेन म्हटलंय. कातडीवाला आणि आणखी काही जण त्याच्या दारात सकाळपासून उभे राहणार आहेत. मी बजावलं, आकडे घेऊन जाऊ नका. "बरं," ते म्हणाले. नेतील असं मला वाटतं.

जबाबाची प्रत आरोपीला द्यावी लागते. एरवी शिपाई कोठडीपाशी उभा राहून वाचून दाखवतो. हातोड्याने कळवलंय की गरज नाही. त्याला कागद हातात हवाय. तो स्वतः वाचणार आहे.